सातव्या रुमालातील नोंदणीपुस्तक

आमच्या घरातील जुनी कागदपत्रे सात रुमालांत बांधलेली आहेत. पहिल्या पाच रुमालांत सर्व लिखाण मोडीत आहे. त्यांत इनामपत्रे आहेत, वहिवाटीचे कागद आहेत, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीत एका ओढ्याच्या हद्दीवरून झालेल्या तंट्याच्या नकला आहेत. सहाव्यात जहागिरी गेली त्या सुमाराचे सरकारी कागद हिंदीत आणि इंग्रजीत आहेत. सातवा रुमाल सर्वांत लहान. त्यात एका ट्रॅक्टरचे नोंदणीपुस्तक, बँकेची एक नोटीस, काही पावत्या आणि मिस्त्रीने पेन्सिलीने लिहिलेली सुट्या भागांची एक यादी एवढेच आहे.

निवृत्तीनंतर आम्ही हे रुमाल सोडून नीट लावावयास घेतले, तेव्हा इतिहासाची आवड असलेल्या एका स्नेह्यांनी सातवा रुमाल पाहून विचारले, "हा येथे कसा?" त्यांच्या मते पहिले पाच रुमाल म्हणजे इतिहास आणि सातवा म्हणजे भंगार. आम्हांस ते पटले नाही. माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचा अठराव्या शतकाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. सनदा गेल्यानंतर ही घराणी जमिनीवर कशी टिकली, याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही, आणि तो अशाच पुस्तकांत आणि पावत्यांत पडून आहे. म्हणून हे टिपण.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मध्य भारत राज्य २८ मे १९४८ रोजी अस्तित्वात आले आणि संवत २००८, म्हणजे इ.स. १९५१ च्या कायद्याने तेथील जहागिरी संपुष्टात आल्या. खंड आणि सारा यांवर चालणारी घरे एका फटक्यात जमिनीवरून उठली. हाती राहिली ती खुदकास्त, म्हणजे जी जमीन जहागीरदार स्वतः कसत होता तेवढीच. आता 'स्वतः कसणे' हा शब्दप्रयोग आमच्या आजोबांच्या पिढीस कागदावरच ठाऊक होता. नांगर धरणारे हात दुसऱ्यांचे असत. पुढे मध्य प्रदेशात १९६० मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा झाला आणि जे उरले होते त्यालाही मर्यादा आली. थोडक्यात, ज्या घरात पूर्वी कारकून ठेवीत असत त्या घरास आता बैल ठेवावे लागले, आणि पुढे ट्रॅक्टर.

परंतु ट्रॅक्टर येथे आमच्याआधीच आलेला होता, आणि तोही जुना. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. भोपाळ, सागर, होशंगाबाद या भागांत आणि मध्य भारताच्या काही प्रदेशांत काळ्या जमिनीत कांस नावाचे गवत माजले होते. आपल्या दक्षिणेकडील वाचकांना हरळी-कुंद्याचा त्रास ठाऊक आहे, तसलाच हा प्रकार. मुळ्या इतक्या खोल की बैलांचा नांगर वरवर फिरतो आणि गवत पुढल्या पावसात दुप्पट जोमाने येते. लाखो एकर जमीन त्यापायी पडीक झाली होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने हिंदुस्थानात मागे ठेवलेली साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी जड यंत्रे सरकारने घेतली, ती दुरुस्त केली आणि त्यांच्या बळावर केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. उन्हाळ्यात, जमीन तापलेली असताना, फूटभर खोल नांगरट करून कांसाच्या मुळ्या उन्हात उघड्या पाडावयाच्या, अशी ती पद्धत. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारतास शेतीच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. रेल्वेसाठी दिलेल्या कर्जानंतरचे भारताला मिळालेले हे दुसरे कर्ज, आणि ते मुख्यतः या कांसाच्या निर्मूलनासाठी होते. म्हणजे स्वतंत्र भारतात मध्य हिंदुस्थानची माती पहिल्यांदा ज्या ट्रॅक्टरांनी मोठ्या प्रमाणावर उलथली, ते दुसऱ्याने वापरून टाकलेले होते. जुना ट्रॅक्टर घेण्यात ज्यांना आजही कमीपणा वाटतो त्यांनी हे ध्यानात ठेवावे. याच प्रयत्नांच्या ओघात १९५५ मध्ये नर्मदेच्या काठी बुदनी येथे ट्रॅक्टर चालविण्याचे शिक्षण देणारे केंद्र निघाले. पुढे तेथेच ट्रॅक्टरांची परीक्षा घेण्याची व्यवस्था झाली आणि ती संस्था आजही चालू आहे.

त्या काळी देशात ट्रॅक्टर बनत नव्हते. १९५१ मध्ये साऱ्या भारतात सुमारे ८,५०० ट्रॅक्टर होते आणि १९६० पर्यंत ही संख्या ३७,००० च्या घरात गेली, ती बव्हंशी आयातीमुळे. १९५९ मध्ये फरीदाबादेस आयशरचा पहिला भारतीय ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६० मध्ये मद्रासेत टॅफे स्थापन झाली, तिचे नाते मॅसी फर्ग्युसनशी. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साहाय्याने कंपनी काढली आणि कांदिवलीहून १९६५ पासून बी-२७५ हा ट्रॅक्टर येऊ लागला. फरीदाबादेसच एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसचे तंत्र आणले. बडोद्याच्या वाचकांना त्यांच्या विश्वामित्री भागातील हिंदुस्थान ट्रॅक्टरचा कारखाना आठवत असेल. तेथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीचे ट्रॅक्टर बनत. १९७८ मध्ये ते काम गुजरात सरकारच्या महामंडळाकडे गेले, १९९९ मध्ये महिंद्रांकडे, आणि २०१७ पासून कंपनीचे नावही बदलले. झेटरचीच दुसरी शाखा म्हणजे एचएमटी. तिचे ट्रॅक्टर १९७१ पासून पिंजोरला बनू लागले आणि तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

ही नावे वाचताना कंटाळा येईल, तथापि जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यास ती पाठ असावी लागतात, कारण कारखाना बंद पडला तरी ट्रॅक्टर चालू राहतो. त्याच्या सुट्या भागांचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

१९६१-६२ मध्ये देशात अवघे ८८० ट्रॅक्टर तयार झाले. मागणी त्याच्या कितीतरी पट. नव्या ट्रॅक्टरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे यादीत नाव ठेवावे लागे, आणि या टंचाईने एक चमत्कारिक बाजार निर्माण केला. नव्याचा भाव सरकारने बांधून दिलेला, पण नवा मिळत नाही. जुना मिळतो, पण त्याचा भाव मालकाच्या मर्जीवर. त्यामुळे दोन-तीन वर्षे वापरलेला ट्रॅक्टर नव्याच्या बांधील भावाहून महाग विकला जाण्याचे प्रकार घडत. स्कूटरच्या बाबतीत शहरातील वाचकांनी हाच अनुभव घेतला असेल. त्या टंचाईने आणखी एक गोष्ट केली, आणि ती चांगली होती. कोणताही ट्रॅक्टर मरू द्यावयाचा नाही, अशी गावोगावच्या मिस्त्रींची जणू प्रतिज्ञाच झाली.

माळव्यातील मिस्त्री हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. छापील पुस्तक त्याने कधी उघडलेले नसे. क्रँक घासून दहा, वीस, तीस साइजवर आणणे, नवे स्लीव्ह-पिस्टन बसविणे, मायकोच्या पंपाचा कान धरून त्याला वठणीवर आणणे, हे सारे तो कडुनिंबाखाली पोते अंथरून करी. मायको म्हणजे बंगळूरची १९५१ साली स्थापन झालेली, बॉशच्या तंत्राने डिझेलचे पंप आणि नोझल बनविणारी कंपनी. डिझेल इंजिनाचे अर्धे आयुष्य या पंपावर अवलंबून असते. डिझेलमध्ये पाणी अथवा धूळ गेली की हा नाजूक अवयव आधी रुसतो. शेतकरी पिंपातून डिझेल ओतताना धोतराच्या फडक्याने गाळीत असे, त्याचे कारण हेच.

आता आमच्या खरेदीकडे वळतो. साल १९७४. आदल्या वर्षीच्या तेलसंकटाने डिझेलचे भाव चढले होते, तरी नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ट्रॅक्टर घेण्याचे ठरविले. त्यामागे सोयाबीन होते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात इतकी चिकट होते की पूर्वी खरिपात पुष्कळ जमीन मोकळीच ठेवीत आणि ओलीवर गहू, हरभरा घेत. सत्तरीच्या दशकात सोयाबीन आले आणि मोकळ्या जमिनीत पीक उभे राहू लागले. पण सोयाबीन निघाल्यावर ओल उडण्याच्या आत गव्हासाठी जमीन तयार करावयाची तर हाताशी थोडेच दिवस उरतात. माळवी बैल मोठा देखणा आणि कणखर, परंतु त्याला घाई करता येत नाही. शेजारच्या गावांत ज्यांनी ट्रॅक्टर घेतला त्यांची पेरणी आठ दिवस आधी आटोपली. ते आठ दिवस नाना रोज जेवताना मोजून दाखवीत.

नवा घेण्याची ऐपत नव्हती. नर्मदेपलीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे १९६७ चा बी-२७५ विकावयाचा आहे, असे कळले. चार सिलिंडरचे, पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन. साधे, दणकट, फारसे नखरे नसलेले यंत्र, आणि त्याची पत अजूनही आमच्याकडे टिकून आहे. नाना आमच्या मिस्त्रीस घेऊन गेले आणि आम्हांलाही नेले. आमचे वय तेव्हा चौदा वर्षांचे होते.

मिस्त्रीने त्या दिवशी काय केले ते आजही आमच्या डोळ्यांपुढे आहे. ट्रॅक्टर नुकताच रंगविलेला होता, तांबडा लखलखीत. मिस्त्रीने रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो थेट इंजिनाजवळ गेला, हाताचा उलटा पंजा त्याला लावला आणि म्हणाला, "इंजन गरम क्यूँ है, सेठ?" विकणाऱ्याने पाहुणे येण्यापूर्वी ट्रॅक्टर चालू करून ठेवला होता, कारण कष्टाने चालू होणारे इंजिन गरम असले की पहिल्या झटक्यात उठते. मिस्त्रीने आम्हां सर्वांना चहा प्यावयास लावला, स्वतः बिडी ओढीत बसला आणि दोन तास इंजिन थंड होऊ दिले. मग बटण दाबले. इंजिन थोडे कुरकुरले, पण उठले.

नंतर त्याने धूर पाहिला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जाते आहे, किंवा हवेची चाळणी तुंबली आहे. पांढरा धूर निघाला आणि गरम झाल्यावरही थांबला नाही, तर डिझेल कच्चेच बाहेर पडते आहे अथवा कोठूनतरी पाणी आत येते आहे. तेल टाकावयाचे झाकण उघडून त्याने तेथे तळहात धरला. रिंगा झिजल्या असतील तर तेथून फुंकर यावी तशी हवा येते. तेलाची काडी काढून बोटांत चोळली. पाणी मिसळलेले तेल चहासारखे दिसते. रेडिएटरचे झाकण काढून आतल्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहिले. मग मागे औत जोडून हायड्रॉलिकने उचलले, इंजिन बंद केले आणि औत वर राहते की हळूहळू खाली बसते ते पाहत उभा राहिला. औत वरच राहिले.

तासांच्या घड्याळावर त्याचा अजिबात विश्वास नव्हता. त्याऐवजी त्याने क्लचच्या पेडलीवरचे रबर किती झिजले आहे ते पाहिले, स्टिअरिंग किती मोकळे फिरते ते पाहिले, पुढच्या आसाच्या पिना हलवून पाहिल्या, आणि मागे औत अडकविण्याच्या दांड्यांची भोके गोल आहेत की लांबट झाली आहेत ते बोटाने चाचपले. मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरतात, त्याने रिमा आतून गंजतात. तिथेही त्याने हातोडीने टकटक केले. पन्नास वर्षांनंतरही, कोणी आम्हांस जुना ट्रॅक्टर पाहावयास बोलाविले तर आम्ही याच क्रमाने पाहतो, आणि याहून चांगला क्रम आम्हांस अद्याप कोणी शिकविलेला नाही.

निकाल असा लागला की यंत्र खरे आहे. भाव ठरला. दोन बैलजोड्या विकून त्यात आईच्या पाटल्यांची भर घातली गेली. नोंदणीपुस्तक नानांच्या नावे झाले, घरी ओवाळणी झाली आणि कार्तिकात गव्हाची पेरणी शेजाऱ्यांच्याही आधी संपली.

दोन वर्षांनी, ऐन पेरणीच्या दिवसांत, बँकेची माणसे आली. मूळ मालकाने हा ट्रॅक्टर बँकेच्या कर्जावर घेतला होता आणि ट्रॅक्टर बँकेकडे तारण होता. कर्ज फिटलेले नव्हते. पुस्तकात त्याची नोंद नव्हती आणि नानांनी दुसरीकडे कोठे चौकशी केली नव्हती. विकणाऱ्याने सांगितले नाही, हे खरेच. पण विचारलेही नव्हते. ट्रॅक्टर ओढून नेण्यात आला. बैल तर आधीच विकलेले. त्या वर्षी निम्मी जमीन भाड्याच्या बैलांनी, उशिरा आणि कशीबशी पेरली. पुढे मूळ मालकाचे उरलेले हप्ते नानांनीच भरून ट्रॅक्टर सोडवून आणला. मूळ मालकाविरुद्ध दावा लावला असता तर वर्षे गेली असती. या वेळी आईच्या गोठाही गेल्या.

या प्रकरणातील खेद वेगळाच आहे. ज्या घराने सहा-सात पिढ्या कागद वाचण्यावर पोट भरले, ज्यांच्या पहिल्या पाच रुमालांत बहुतेक प्रत्येक तंटा 'या जमिनीवर कोणाचा बोजा आहे' याच एका प्रश्नाचा आहे, त्या घरातील कर्त्या पुरुषाने ट्रॅक्टरचा कागद वाचला नाही. लोखंडाला कागद नसतो, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी. अडाणी म्हणून ज्याला बाहेर पडवीत बसविले त्या मिस्त्रीने आपली बाजू चोख बजावली, आणि चुकले ते आमच्या बाजूचे काम. नानांनी हे पुढे कधी बोलून दाखविले नाही. फक्त ती नोटीस त्यांनी फाडून न टाकता रुमालात बांधून ठेवली.

आपल्या पिढीतील पुष्कळांना ट्रॅक्टर आणि बँक यांचे नाते जन्मापासूनचे वाटते. परंतु १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण होईपर्यंत शेतकऱ्याच्या दारी मोठी बँक क्वचितच येई. त्यानंतर जमीन गहाण ठेवून ट्रॅक्टर घेण्याची लाट आली. मध्य प्रदेशात शेतकऱ्याकडे भू-अधिकार आणि ऋण पुस्तिका असते. तिच्यात जमिनीवरील बोजा चढतो, आणि जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने विकणाऱ्याची ही पुस्तिका पाहावयास मागितली तर त्यात उद्धटपणा नाही. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे तारणाची नोंद नोंदणीपुस्तकातच करण्याची रीत पक्की झाली. कर्ज फिटल्यावर ती नोंद काढण्यासाठी पस्तीस क्रमांकाचा नमुना लागतो, त्यावर बँकेची सही लागते. मालकी बदलण्यासाठी एकोणतीस आणि तीस क्रमांकांचे नमुने आहेत, दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीतून ट्रॅक्टर आणावयाचा तर अठ्ठावीस क्रमांकाचा ना-हरकत दाखला. नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर यंत्र तपासून ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही मुदत संपलेलीच असण्याचा संभव अधिक. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक पुस्तकाशी अंकाअंकाने जुळविणे आलेच. इंजिन बदललेले असेल तर ते गुन्ह्याचे लक्षण मानू नये, पण त्याची नोंद हवी.

या नमुन्यांचे क्रमांक आम्हांस पाठ असण्याचे कारण सांगतो. १९८४ मध्ये आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात रुजू झालो. १९८७ च्या लोकधन वसुली कायद्याखाली बँकांची थकीत कर्जे जमीनमहसुलाप्रमाणे वसूल करण्याचे दाखले तहसील कार्यालयात येत, आणि थकबाकीदाराचा ट्रॅक्टर जप्त करून लिलावास काढणे हे आमच्या कामापैकी एक काम झाले. ज्या बाजूने बँकेची माणसे नानांच्या अंगणात आली होती, त्या बाजूला आता आम्ही खुर्ची टाकून बसलो होतो. लिलावाच्या दिवशी तेच तेच चार-सहा दलाल येत, आपसांत ठरवून एकजण बोली लावी, बाकीचे पान खात उभे राहत. कायद्याने त्यांत आक्षेपार्ह काही सिद्ध होत नसे. कमीत कमी ठरलेल्या किमतीखाली बोली गेली की आम्ही लिलाव तहकूब करीत असू, एवढेच आमच्या हाती होते. एका वेळी दुसऱ्या तहकुबीनंतर थकबाकीदाराचा मुलगा कार्यालयात आला आणि विचारू लागला, तहसीलच्या आवारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला पाणी घालू का, नाहीतर ती मरेल. आम्ही घालू दिले. तो ट्रॅक्टर तिसऱ्या लिलावात गेला.

जुन्या ट्रॅक्टरांचा फार मोठा प्रवाह उत्तरेकडून येतो, हेही नोंदविले पाहिजे. पंजाबात मोगा, बरनाला, तलवंडी भाई अशा ठिकाणी जुन्या ट्रॅक्टरांचे बाजार भरतात. तेथे विकावयास आलेला प्रत्येक ट्रॅक्टर झिजला म्हणून आलेला नसतो. लग्न, आजारपण किंवा सावकाराचे देणे यांसाठी रोख रक्कम हवी म्हणून बँकेच्या कर्जावर नवा ट्रॅक्टर घ्यावयाचा आणि तो लगेच तोट्यात विकून पैसा उभा करावयाचा, असा प्रकार त्या भागात चालत आला आहे. म्हणून अशा बाजारातून आलेल्या ट्रॅक्टरवर जितकी झळाळी अधिक तितका त्याचा कागद अधिक बारकाईने वाचावा. फार थोडे तास चाललेले यंत्र, नवे टायर आणि पडता भाव या तीन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या मनात नानांची नोटीस फडफडू लागते.

यंत्रांविषयी आमचे मत विचाराल तर सांगतो, आणि त्यात पक्षपात आहे हे आधीच मान्य करतो. मॅसी फर्ग्युसन १०३५ हा आमच्या भागात जुना घ्यावयास सर्वांत निर्धास्त ट्रॅक्टर. त्याचे तीन सिलिंडरचे इंजिन मद्रासच्या सिम्पसनचे, पर्किन्सच्या घडणीचे, आणि त्याचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने औत ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांनी जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची जी युक्ती काढली तिचा हा थेट वारस. जुना आयशर एका सिलिंडरचा, वाऱ्यावर थंड होणारा. त्याला रेडिएटरच नाही, म्हणून पाण्याची कटकट नाही. त्याचा ठोका दुसऱ्या गावापर्यंत ऐकू येतो. डिझेल कमी पितो, पण काळ्या मातीत खोल नांगरटीला तो अपुरा पडतो. एचएमटीचा झेटर २५११ ज्याच्याकडे आहे तो मनुष्य त्याची स्तुती करताना थकत नाही, मात्र कारखाना बंद झाल्यापासून भाग शोधताना थकतो. स्वराजची गोष्ट निराळी. दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत भारतीय अभियंत्यांनी त्याचा आराखडा केला आणि १९७४ मध्ये, म्हणजे आमच्या खरेदीच्याच वर्षी, स्वराज ७२४ बाजारात आला. परदेशी परवान्यावाचून बनलेला हा ट्रॅक्टर. पुढे १९८५ मध्ये त्याच्या इंजिनांसाठी जी कंपनी निघाली तिच्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा हात होता. बेळगावच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलचे दुकान १८८८ मध्ये त्यांच्याच शहरात निघाले होते, आणि लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याच्या गळी तो उतरविण्याचा खटाटोपही तेथूनच सुरू झाला. त्या घराण्याच्या इंजिनविद्येचा अंश मोहालीमार्गे माळव्याच्या शेतात येऊन धडधडत होता.

आमचा बी-२७५ पुढे बावीस वर्षे चालला. दोनदा त्याचे इंजिन संपूर्ण उघडले गेले. मिस्त्रीच्या पेन्सिलीची यादी त्यातील दुसऱ्या वेळची. क्रँक शेवटच्या साइजवर पोहोचला होता आणि त्यापुढे घासता येत नाही. तरी मळणीयंत्राचा पट्टा फिरविणे, विहिरीवर पंप चालविणे आणि मंडीला ट्रॉली नेणे ही कामे तो १९९८ पर्यंत करीत राहिला. नाना गेले त्यानंतर तो गोठ्यामागे उभा होता. २००३ मध्ये आमच्या धाकट्या बंधूंनी तो वजनावर विकला. आम्ही त्या वेळी बदलीच्या गावी होतो, म्हणून त्याचे शेवटचे दर्शन आम्हांस घडले नाही.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने जुना १०३५ घ्यावयाचे मनात आणले. त्या मिस्त्रीचा मुलगा आता स्वतः वयस्क आहे. तो बरोबर आला, आणि आम्ही पहाटे सहाला, न कळविता, विकणाऱ्याच्या दारी पोहोचलो. इंजिन थंड होते आणि तिसऱ्या प्रयत्नात उठले. धूर आरंभी पांढरा, मग नाहीसा झाला. मिस्त्रीच्या मुलाने मान हलविली. आम्ही पुस्तक मागितले. तारणाची नोंद होती आणि ती काढल्याची नव्हती. विकणारा म्हणाला, कर्ज केव्हाच फिटले आहे, बँकेत एक चक्कर मारली की काम होते. आम्ही म्हटले, मग ती चक्कर आपण मारावी, आम्ही थांबतो. पुतण्यास ते फार अवघड वाटले. तो आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, "काका, एवढा अविश्वास बरा दिसत नाही." सतरा दिवसांनी बँकेची सही झालेला नमुना आला आणि व्यवहार पुरा झाला. कर्ज खरोखरच फिटलेले होते.

त्या निमित्ताने सातवा रुमाल पुन्हा सोडला गेला आणि आमच्या ध्यानात आले की जुन्या बी-२७५ ची नोंदणी अद्याप रद्दच झालेली नाही. वाहन कायमचे निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे असे कायदा सांगतो. ट्रॅक्टर भंगारात जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, नाना जाऊन त्याहून अधिक, आणि सरकारी दप्तरात तो अजून त्यांच्या नावे उभा आहे. अडतीस वर्षे लोकांना असल्या अर्जांवरून खडसावण्यात घालवूनही आम्ही तो अर्ज काही लिहिलेला नाही.